पाठक सरांना दिलेलं नुसतं पाणी

आमच्या घरात साखर विरघळायची कधी राहिली नाही, कारण घरात ती कधी नव्हतीच. चहा गुळाचा, खीर गुळाची, आणि माय फारच लाडात आली तर मला "गुळाची भेली" म्हणायची. (फारच लाडात ती वर्षातून एखाद्या वेळी यायची. बाकीच्या दिवसांत माझी नावं वेगळी होती, ती इथं नको.) साखर ही पाहुण्यांची वस्तू. बाबा दिग्रसच्या कापसाच्या जिनात कामाला होते. कोणी मोठा पाहुणा येणार असला की ते तिकडून कागदाच्या पुडीत साखर आणायचे. पाहुणा गेला की पुडीही संपायची आणि आम्ही कागद चाटायचो.

अशा घरातल्या पोरीला सातवीत शिकवायला पाठक सर आले आणि साखरेचं पाणी करून विज्ञान सांगू लागले.

सर उंच, बारीक, सायकलवर बसले की सायकलच जास्त गुटगुटीत दिसायची. पण शिकवायला लागले की वर्गातली माशीसुद्धा भिंतीवर टेकून ऐकायची. प्रयोगाचा एक नियम त्यांनी आम्हाला पहिल्याच महिन्यात घोकून घेतला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. मग जो काही फरक पडेल तो त्या एका गोष्टीमुळे पडला असं छातीठोकपणे म्हणता येतं. साखर ऊन पाण्यात लवकर विरघळते की गार पाण्यात, हे बघायचं असेल तर पेले सारखे, पाणी सारखं, साखर सारखी, ढवळणं सारखं. फरक फक्त ऊन आणि गार एवढाच.

मला या नियमानं झपाटलं. वेणी उजवीकडून घातली तर लवकर सुटते की डावीकडून, सारवलेल्या जमिनीवर झोप जास्त लागते की न सारवलेल्या, माझं सगळं चालू झालं. एकदा मी मायला म्हटलं की तू पीठ तेच घे, तवा तोच घे, जाळ तोच ठेव, फक्त एक भाकरी जाड थाप आणि एक पातळ, मला कोणती फुगते ते बघायचं आहे. मायनंही एकच गोष्ट बदलली. तिच्या हातातलं उलथनं तव्यावरून माझ्या पाठीवर आलं. फरक ताबडतोब पडला.

पण घरात माझ्याहून मोठा प्रयोगवाला होता, तो म्हणजे माझा बाप.

बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा मी लहान होते. येताना त्यांनी मनाशी एक गोष्ट पक्की करून आणली होती, की यापुढे कोणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, स्वतः पाहायचं आणि मग मानायचं. घरातले देव उतरले आणि त्या फळीवर माझी पुस्तकं बसली. (माय बरेच दिवस सवयीनं त्या फळीला हात जोडायची. त्यामुळे माझ्या अंकगणिताला जेवढे नमस्कार मिळाले तेवढे जिल्ह्यात कोणाच्या अंकगणिताला मिळाले नसतील.) मी शाळेतून आले की बाबा मला समोर बसवायचे आणि आज सरांनी काय शिकवलं ते विचारून घ्यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम ऐकून तर ते इतके खूश झाले की दुसऱ्याच दिवशी त्यांनी मांजर आडवं जाण्याची तपासणी केली. मांजर आडवं गेलं त्या दिवशी ते मुद्दाम त्याच वाटेनं जिनात गेले, तर काही वाईट झालं नाही. दुसऱ्या दिवशी मांजर आडवं गेलं नाही, तर मुकादमानं दिवसभर शिव्या दिल्या. बाबांनी निष्कर्ष काढला की मांजर आडवं जाणं चांगलं. मी म्हटलं, बाबा, मुकादमाचं काय, तो पहिल्या दिवशी रजेवर नव्हता ना? बाबा विचारात पडले. तो रजेवरच होता.

असं सगळं सुखात चाललेलं असताना, सातवीचं वर्ष सरत आलं आणि पाठक सरांची बदली यवतमाळला झाली.

आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. दिग्रसला हायस्कूल होतं, पण बाबांसारखं रोज पायी जाऊन येण्याइतकं ते एकट्या पोरीला जवळ नव्हतं आणि तिथं राहायला आमचं कोणी नव्हतं. सातवी झाली की पोरगी निंदायला, कापूस वेचायला, आणि मग सासरी, हा सरळ रस्ता होता. सर बाबांना वाटेत भेटले आणि म्हणाले, "किसनराव, सुजाताला माझ्याबरोबर यवतमाळला पाठवा. आमच्या घरी राहील, हायस्कुलात जाईल. पोरगी थांबवू नका. मी रविवारी घरी येतो, बोलू."

गावात बाबांच्या नावाला राव लावणारे सर एकटेच. बाबा तरंगत घरी आले. मी तर ऐकल्याबरोबर मनातल्या मनात ट्रंक भरली. (ट्रंक नव्हती. मनातली होती.) माय मात्र चुलीपुढे बसून लाकडं मागेपुढे करत राहिली.

"राव म्हनायले काय लागते?" ती शेवटी म्हणाली. "पानी प्यायले लागते. त्याहीच्या घरी हिची ताटली येगळी ठेवली त? हे कोनाले सांगन? सांगनच नाई, गपचूप जेवन."

"सर तसे नाई," बाबा म्हणाले.

"तुमाले कसं माईत? पाह्यलं का? तुम्हीच त म्हनता, पाह्यल्याबिगर मानाचं नाई."

बाबा स्वतःच्याच नियमात असे सापडले की त्यांना जागचं हलता येईना. माय काही सरांच्या वाईटावर नव्हती. पण तिच्या लहानपणी तिला ओंजळीत वरून पाणी ओतणारी माणसं तिनं पाहिली होती, आणि त्यातली काही फार गोड बोलायची. तिला माझी काळजी होती. ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझी मनातली ट्रंक कोणीतरी उघडून रिकामी करत आहे.

बाबांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी त्यांनी निकाल सांगितला. "रविवारी सर येऊन राह्यले. आपल्या घरी, आपल्या हातचं पानी पेले, त पोरगी जाईन. नाई पेले, त नाई. बस."

म्हणजे माझं सगळं शिक्षण एका पेल्यात आलं.

आता शहाण्या पोरीनं गप्प बसावं की नाही? पण मी पाठक सरांची विद्यार्थिनी! मी ठरवलं की सर येतील तेव्हा त्यांच्यासमोर साखर विरघळवण्याचा प्रयोग करून दाखवायचा. म्हणजे सरांना वाटेल की पोरगी नेण्याजोगी आहे, आणि मायला वाटेल की पोरगी पाठवण्याजोगी आहे. बाबांनी पाहुण्यांसाठी साखरेची पुडी आणून ठेवलेलीच होती. मी मायकडे ती मागितली.

मायनं विचारलं, साखर विरघळवून मग काय करणार? मी म्हटलं, पाहणार. ती म्हणाली, पाहून मग? मी म्हटलं, मग काही नाही, कोणती लवकर विरघळली ते कळेल. मायनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अंगावरचं नवं लुगडं चुलीत घालून जाळ कसा होतो ते पाहणार आहे. साखर पाहुण्याच्या तोंडात जाते, पाण्यात टाकून बघत बसायची गोष्ट नाही, असं तिनं मला स्वच्छ सांगितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आजही मला ती आठवली की मी स्वतःच्या कपाळावर हात मारते. मी म्हटलं, माय, प्रयोग झाला की तेच साखरेचं पाणी सरांना प्यायला द्यायचं! साखर वाया जाणार नाही, पाहुणचार होईल, आणि बाबांची परीक्षाही होऊन जाईल. एकाच पेल्यात तीन कामं. मायला हिशेब पटला. तिनं पुडी काढून दिली. एका वेळी एकच गोष्ट म्हणणारी मी एका पेल्यात तीन गोष्टी घालून बसले होते आणि स्वतःच्या अकलेवर खूश होते.

प्रयोगाला दोन सारखे पेले हवे होते. आमच्या घरात दोन सारख्या वस्तू म्हणजे माझे कान, बाकी सगळं एकेकटं. तेव्हा आत्या उठली. बाबांची ही थोरली बहीण नवऱ्यामागे आमच्याकडेच राहायची, आणि वस्तीत कोणाच्या घरी काय आहे हे तिला घरवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं. ती शेजारच्या घरी लग्नात आहेर आलेले काचेचे दोन पेले आणि सारख्या दोन वाट्या घेऊन आली. येताना प्रयोगाची बातमीही वाटत आली. त्यामुळे रविवारी सर यायच्या आधीच अंगणात बरीच मंडळी जमून बसली होती.

मी पाटावर दोन पेले मांडले. डावीकडच्या पेल्यात सर आल्यावर ऊन पाणी ओतायचं होतं, उजवीकडच्यात माठातलं गार. प्रत्येक पेल्यासमोर एक खोलगट पितळी वाटी, आणि वाटीत सपाट एक चमचा साखर, बोटानं वरचं निपटून. वर फडकं झाकलं आणि मी सरांची सायकल बघायला वस्तीच्या टोकाला पळाले.

मी गेल्यावर घरात काय झालं ते मला नंतर कळलं, पण वाचणाऱ्यांनी आधीच समजून घेतलेलं बरं.

आधी माय आली. तिनं फडकं उचललं आणि तिला लाज वाटली. सर येणार आणि वाटीत एवढीशी साखर? लोक म्हणतील या घराचा हात आखडता आहे. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली खुर्ची डावीकडे ठेवली होती, म्हणजे डावी वाटी सरांची, हे उघडच होतं. तिनं डाव्या वाटीत घसघशीत दोन चमचे टाकले आणि फडकं झाकलं.

मग आत्या आली. डावी वाटी भरलेली आणि उजवी बरीच रिती पाहून तिला बरं वाटलं. पाहुण्याला जास्त, घरच्याला कमी, हे रीतीला धरूनच होतं. पण तिच्या मते ते अजून नीट दिसून येत नव्हतं. तिनं उजव्या वाटीतली चिमूटभर साखर उचलून डावीत घातली. उरलेली चिमूट बोटाला चिकटली होती ती तोंडात घातली, कारण बोट कुठं पुसणार?

शेवटी बाबा आले. घरात प्रयोग ज्याला समजला होता असा हा एकच माणूस, म्हणून मला त्यांचंच जास्त दुःख होतं. त्यांनी डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी साखर पाहिली आणि आपल्या पोरीनंच काही विचारानं तसं ठेवलं असेल असं धरून चालले. मग तो विचार त्यांनी शोधून काढला. ऊन पाण्याची ताकद जास्त, हे पोरीनंच सांगितलं होतं. जोमदार बैलाला जास्त ओझं आणि म्हाताऱ्याला कमी, यातच न्याय आहे. मग हे ओझं जोमदार बैलाच्या मानानं कमीच नाही का? त्यांनी न्यायबुद्धीनं आणखी एक चमचा डावीकडे टाकला.

तेवढ्यात मी सरांना घेऊन आले.

सर खुर्चीवर बसले. दारात माणसं, खिडकीत माणसं. मी घसा साफ केला आणि प्रयोग करायच्या आधीच निष्कर्ष सांगून टाकला, की आता सर्वांना दिसेल, ऊन पाण्यात साखर लवकर विरघळते. मग डावीकडे ऊन पाणी ओतलं, उजवीकडे गार, दोन्ही वाट्या दोन हातांत धरल्या आणि एकदमच उपड्या केल्या. वाट्या खोल होत्या आणि माझे डोळे सरांच्या चेहऱ्यावर होते. (वैज्ञानिकानं डोळे प्रयोगावर ठेवावेत हे मला त्या दिवशी कायमचं कळलं.) दोन्ही पेले सारखेच ढवळले आणि हात बाजूला घेतला.

उजवीकडचं गार पाणी आरशासारखं स्वच्छ. डावीकडच्या ऊन पाण्यात तळाला साखर थर करून बसली होती.

मी पुन्हा ढवळलं. थर जरा फिरला आणि पुन्हा बसला. अंगणात कुजबुज झाली. कोणी म्हणालं की झालं वाटते सिद्ध, गार पाण्यातच लवकर होते. बाबांचा चेहरा अभिमानानं उजळला. त्यांना वाटलं पोरीनं पुस्तकाला खोटं पाडलं. मी कशीबशी म्हटलं, "सर, आमच्या विहिरीचं पाणीच वेगळं आहे."

सर हसले नाहीत. त्यांनी वाकून दोन्ही पेले पाहिले, रिकाम्या वाट्या उचलून पाहिल्या, आणि मला विचारलं की काय काय सारखं ठेवलं होतंस. मी घडाघडा सांगितलं. पेले, पाणी, साखर. साखरेपाशी आल्यावर मायनं पदर तोंडाला लावला, आत्या छताकडे पाहू लागली आणि बाबांनी दोन पावलं पुढे येऊन बैलांचा न्याय सरांना समजावून सांगायला सुरुवात केली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. अंगणातली माणसं पोट धरून हसली. सरही हसले. म्हणाले, या घरातल्या सगळ्यांनी पाहुण्याकडेच माप झुकवलं, यात विज्ञान बुडालं, बाकी काही बुडालं नाही.

मी जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होते. पण खरी वेळ पुढेच होती. मायनं तो डावीकडचा पेला, पाकासारखा गोड झालेला, पुसून दोन्ही हातांनी सरांपुढे धरला.

"घ्या सर. गरिबाघरचं गोड पानी."

सरांचा हात वर झाला. "नको. राहू द्या." आणि त्यांनी खाली पाहिलं.

अंगणातलं हसू थांबलं. मायचे हात तसेच पुढे राहिले. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच वाईट होतं. पुष्कळ दिवसांपासून ओळखीची असलेली गोष्ट दारात यावी तशी ती दिसली. मी बाबांकडे पाहिलं. माझं यवतमाळ, माझं हायस्कूल, माझी मनातली ट्रंक सगळं त्या पेल्यात तळाला जाऊन बसलं होतं. मला रडू येत होतं आणि सगळ्या गावासमोर रडायचं नव्हतं.

बाबा पुढे झाले. मग त्यांनी मायच्या हातातला पेला घेतला, पाटावर ठेवला, आणि दुसरा तसाच पेला उचलून धुतला. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"मन छोटं करू नोको," ते मायला म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदलू. घर हेच. गिलास असाच. हात तुयाच. फक्त साखर काढ. नुसतं पानी आन."

मग ते सरांकडे वळले.

 नियम सरांचाच होता. सरांनी मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं, आणि मला वर्गात कधी दिसला नव्हता असा त्यांचा चेहरा दिसला. आपल्या हाताच्या एका हालचालीनं या घराला काय वाटलं, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं.  पण आता कारण सांगून उपयोग नव्हता. प्रयोग सुरू झाला होता.

माय आत गेली. बराच वेळ आलीच नाही, असं मला वाटलं. मग पेला घेऊन आली आणि पुन्हा तसाच दोन्ही हातांनी पुढे धरला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. ओठाला लावला आणि पिऊ लागले. शेवटच्या घोटाशी जरा थांबले. पेल्याच्या काठावरून मायकडे पाहिलं. मग तोही घोट घेतला आणि पेला परत दिला.

"बरं वाटलं," ते म्हणाले. "उन्हातून आलो होतो."

"पोरगी येईन तुमच्या घरी," बाबा म्हणाले.

मग सर संकोचून सांगू लागले की त्यांना अलीकडेच साखरेचा आजार निघाला होता आणि डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. चारचौघांत सांगायची लाज वाटली, म्हणून नुसतंच नको म्हटलं. चुकलं, असं ते मायला म्हणाले. बाबांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. साखर बदलली आणि फरक पडला! म्हणजे दोष घराचा नव्हता, हाताचा नव्हता, साखरेचा होता, हे त्यांनी अंगणातल्या प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगितलं. सर सायकलवर बसून दिसेनासे झाले तरी बाबांचं चालूच होतं.

मी पेले धुवायला घेतले. सरांनी पाणी प्यालेला पेला उजेडात धरला, आणि तळाला साखरेचे दाणे चमकले.

चांगला बोटभर थर नव्हता, पण दाणे होते. मी मायला हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं, आणि चिडली.

"मंग काय करू? सर पयल्यांदा आले घरी. तुमच्या प्रयोगापायी मी पाहुन्याले नुसतं पानी देऊ? आपल्या घरी कधी कोनाले देल्लं?"

तिनं आत जाऊन माठातल्या गार पाण्यात साखर टाकली होती. ढवळली मात्र नव्हती, चमच्याचा आवाज बाहेर आला असता म्हणून. त्यामुळे गार पाण्यात ती नीट विरघळली नाही आणि तळाला राहिली. माझा फसलेला प्रयोग असा, माझ्या नकळत, मायच्या हातून यशस्वी झाला.

पण तेव्हा मला एवढाच राग आला की एका दिवसात या घरानं माझे दोन प्रयोग बुडवले. मी ओरडणार होते. बाबांनी पेला माझ्या हातातून घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि ओट्यावर खाली बसले.

"घर हेच," ते स्वतःशीच म्हणाले. "गिलास तसाच. हात हिचाच. अन् साखरबी तेच. मंग बदललं काय व, सुजे?"

मी विचार केला. प्रयोगाच्या नियमानं एक तरी गोष्ट बदललेली असायलाच हवी होती, कारण पहिल्यांदा नको म्हणाले आणि दुसऱ्यांदा प्याले. मी सगळ्या गोष्टी पुन्हा एकेक करून मोजल्या. मग मला ते शेवटच्या घोटाशी थांबणं आठवलं. तो घोट सगळ्यात गोड असणार.

"सर बदलले, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी पेला बराच वेळ हातात धरून ठेवला. माय पदरानं डोळे पुसत म्हणाली की धूर झाला. चूल कधीची विझली होती. मला त्या दोघांचा आणि त्या दूर गेलेल्या सायकलवाल्याचा एकदम इतका लळा आला की मी काहीच बोलले नाही. माझ्या त्या वयात हे फारच दुर्मिळ होतं.

जूनमध्ये बाबा मला यवतमाळला पोचवायला आले. ट्रंक या वेळी खरी होती, शेजारची. सरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. त्यांनी पहिल्या दिवशी मला सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांसारख्याच ताटात वाढलं. बाबा दाराशी बसून ते ताट पाहत होते, आणि पाहून झाल्यावर मानायचा त्यांचा नियम असल्यामुळे ते उठले आणि एसटीला निघाले. काकू पुढे कधीतरी सरांना विचारत होत्या, त्या रविवारी तुमची तब्येत अशी कशी बिघडली होती, किसनरावांकडे काय घेतलं होतं? सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "पाणी."

मी पुढे शिकले, विज्ञानाची शिक्षिका झाले, आणि आयुष्यभर पोरांना शिकवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवावं. स्वतः मात्र तो नियम मला एकदाही जमला नाही. त्या जूनमध्ये माझं गाव बदललं, घर बदललं, शाळा बदलली, बोलणं बदललं, ताट बदललं. जसंच्या तसं एवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि मी आशेनं घोट घेतला, तर तो बिनसाखरेचा होता. सरांना मोह नको म्हणून त्यांनी अख्ख्या घराचीच साखर बंद केली होती. आणि तिथं तर गूळही नव्हता.